चौदा इंची ठोकळा

माझ्या साखरपुड्याला आमच्या मिस्त्रींनी खुर्च्या हलवल्या, ही गोष्ट माझ्या सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये समारंभ होता. हॉलवाल्याने नेहमीप्रमाणे मुलाकडच्यांची एक रांग आणि मुलीकडच्यांची एक रांग अशा समोरासमोर मांडून ठेवल्या होत्या. मिस्त्री पांढरा शर्ट कडक इस्त्री करून तासभर आधीच येऊन बसलेले. पाहुणे यायच्या आत त्यांनी त्या दोन्ही रांगा मोडल्या आणि पाच-सहा खुर्च्यांचे छोटे छोटे गोल करून टाकले. मी तयार होऊन बाहेर आले तेव्हा माझा मामा आणि होणाऱ्या सासूबाई शेजारी शेजारी बसून बोंबील कुणाच्या घरी जास्त चांगले होतात यावर तावातावाने बोलत होते. दोन्हीकडची माणसं अशी मिसळली होती की ओटी भरायला कुणाला उठवायचं ते गुरुजींना कळेना.

मी मिस्त्रींना बाजूला घेऊन झापलं. ते शांतपणे म्हणाले की समोरासमोर बसवलं की माणसं मोजायला लागतात, आपली किती आणि त्यांची किती. मग माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे पाच मिनिटं निरखून बघून त्यांनी निकाल दिला. "रुतणारा आहे. चांगला आहे."

मिस्त्रींच्या हिशेबी जगात तीनच प्रकारची माणसं होती: टेकणारी, बसणारी आणि रुतणारी. टेकणारा खुर्चीच्या कडेवर बसतो, त्याला कायम दुसरीकडे जायचं असतं. बसणारा काम असेल तोवर बसतो. रुतणाऱ्याला उठवायला जेवण वाढलंय म्हणून सांगावं लागतं. आमचा मालक टेकणारा. मी स्वतः कशात मोडते ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही घाबरून विचारलं नाही.

हे मिस्त्री म्हणजे आमच्या फर्निचरच्या कारखान्याचे मुख्य सुतार. दुकान दादरला, कारखाना काळाचौकीच्या एका गाळ्यात. गिरण्यांचा संप होऊन वीसेक वर्षं उलटली होती. त्याआधी मिस्त्री एका गिरणीच्या सुतारखात्यात होते. ती गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. त्यांच्या हाताखाली सहा सुतार होते, त्यांतले चार असेच गिरण्यांतून आलेले. मी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून ड्रॉइंग काढायची. डिप्लोमा नुकताच झालेला, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं याची खात्री होती. ती खात्री पहिल्याच आठवड्यात उतरली.

मी एका ऑफिससाठी बैठकीचं ड्रॉइंग घेऊन कारखान्यात गेले होते. मोठ्या अर्धगोलात सोफे, मध्ये टेबल, सगळं इंचाइंचाने मोजलेलं. मिस्त्रींनी तो कागद हातात घेतलाच नाही. जमिनीवर पसरायला लावला, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ह्येच्यात माणसां खंय आसत?"

मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये माणसं कशाला काढायची, माणसं येऊन बसतील. तर म्हणाले, आधी माणसं काढ, मग मी बघतो. संध्याकाळपर्यंत मी चडफडत माणसं काढली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, यांच्या पिशव्या कुठे आहेत? मी पिशव्या काढल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हा कोपऱ्यातला माणूस पलीकडच्या कोपऱ्यातल्याशी बोलणार कसा, फोन करून? चौथ्या दिवशी मी ड्रॉइंग फाडलं आणि नवीन काढायला घेतलं. त्या आठवड्यात मी त्यांचा जितका राग राग केला तितका कॉलेजातल्या कुठल्याही सरांचा केला नव्हता, आणि जितकं शिकले तितकंही कुणाकडून शिकले नव्हते.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा होती. दादरला कुठलंही दुकान दिसलं आणि आत खुर्ची असली की हे आत. चष्म्याच्या दुकानात चष्मा न लागणारा माणूस अर्धा तास बसून राहिला तर दुकानदार काय म्हणेल? मिस्त्री उठून खुर्ची उलटी करून तिचे पाय बघत, परत सुलट करून ठेवत, आणि "पाठ जरा पुढे घ्या" असा फुकटचा सल्ला देऊन बाहेर पडत. मी तोवर पलीकडच्या फुटपाथवर ओळख नसल्यासारखी उभी.

काळाचौकीच्या एका दवाखान्यातली गोष्ट तर तिथले लोक बरीच वर्षं सांगत. तिथे भिंतीला लागून चार लोखंडी खुर्च्यांची एक पट्टी होती, एकमेकींना नटबोल्टने जोडलेली. मिस्त्रींना जोडलेल्या खुर्च्यांचा मनापासून तिटकारा. बायकोच्या गुडघ्यांसाठी दोन-तीनदा तिथे जाणं झालं आणि चौथ्या वेळी ते खिशात पाना आणि पिशवीत लोखंडी पाय घेऊनच गेले. डॉक्टर आत पेशंट तपासताहेत, कंपाउंडर पुड्या बांधतोय आणि मिस्त्री बाहेर बोल्ट काढताहेत. खुर्च्या सुट्या करून, त्यांना नवे पाय बसवून त्यांनी दोन-दोन एकमेकींकडे तिरक्या लावल्या. डॉक्टर बाहेर येऊन भयंकर चिडले. पण आठवड्याभराने त्यांनीच निरोप पाठवला की राहू दे तसंच, पेशंट आता कंपाउंडरचं डोकं खात नाहीत, एकमेकांचं खातात.

एवढं बसण्याचं वेड या माणसात कुठून आलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मिस्त्री मालवणाकडचे. पोरवयात मुंबईला आले ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत. एकाच गावची तीस-बत्तीस माणसं, एक खोली, आणि प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत कपडे, ट्रंकेवर डोकं, आणि बसायलाही तीच. महिन्याला खोलीची बैठक व्हायची तेव्हा सगळ्या ट्रंका भिंतीपासून सुटून गोलात यायच्या. ज्याला काही म्हणायचं असेल तो आपली ट्रंक हातभर पुढे ओढायचा. त्याचं पटलं नाही तर समोरचा आपली मागे घ्यायचा. कुणी आवाज चढवायची गरज नसायची, ट्रंक कुठे आहे त्यावरून कळायचं.

संपात त्या बैठका रोज व्हायला लागल्या. गावी जायचं की इथेच तग धरायचा, हा एकच विषय. मिस्त्री हे सांगत तेव्हा हातातलं काम थांबवत नसत, रंधा चालूच असे.

"एकेक जण गावाक गेलो," ते म्हणाले होते. "एक ट्रंक गेली की आम्ही सरकून घ्यायचो. शेवटी चारच रवलो. पण गोल पुरो होतो, बाय. कोण गेलो तो दिसायचो नाय."

मला तेव्हा रडू आलं होतं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांना मात्र रडण्यात रस नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की माणसं कमी झाली तर बैठकीला लहान होता आलं पाहिजे, वाढली तर मोठं, आणि त्यासाठी सुताराला बोलवावं लागता कामा नये. हे वाक्य पुढे मी किती ऑफिसांत किती कोटवाल्यांना ऐकवलंय त्याची गणती नाही. प्रत्येकाने ते वहीत लिहून घेतलं आहे.

आणि मग ते काम आलं. परळच्या एका गिरणीच्या जुन्या शेडमध्ये कॉम्प्युटरची कंपनी यायची होती. त्यांना एक मोठी मोकळी जागा करायची होती, जिथे पोरंपोरी लॅपटॉप घेऊन येतील, कधी चौघं, कधी वीस, हवं तसं बसून एकत्र काम करतील. म्हणून बसायचं सामान असं हवं होतं की ते हलेल, जुळेल, सुटं होईल. आमच्याबरोबर परदेशी खुर्च्या-सोफे विकणारी एक बडी कंपनीही शर्यतीत होती.

मालकाने कारखान्यात येऊन, अर्थातच एका स्टुलाच्या कडेला टेकून, सगळ्यांसमोर सांगितलं की हे शेवटचं. काम मिळालं तर कारखाना चालू. नाही मिळालं तर गाळा गोडाऊनला द्यायचा आणि दुकानात नुसत्या तयार खुर्च्या विकायच्या. माणूस वाईट नव्हता, सांगताना त्याची मान खाली होती. सहाही सुतार पन्नाशीच्या पुढचे. त्यांतले चौघं एकदा गिरणीतून घरी बसलेले, आता पुन्हा घरी बसायची वेळ. मिस्त्रींनी फक्त पुढ्यातला प्लाय मोजायला घेतला.

पंधरा दिवसांत त्यांनी जे केलं त्याला कारखान्यात सगळे ठोकळा म्हणायचे. बावीस इंच चौरस, आतून पोकळ, हलका, दोन बाजूंना हात घालायला खाचा, तिसऱ्या बाजूला पिशवी सरकवायला जागा. एक ठोकळा म्हणजे बैठक. एकावर एक दोन ठेवले की तळाच्या खोबणीत घट्ट बसून टेबल. चार जोडले की लहानसा मंच. मी तो पाहिला तेव्हा अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी कारखान्यातल्या सहांना बसवून पाहिलं, शेजारच्या खानावळीतल्या बायकांना बसवून पाहिलं, चाळीतल्या भजनी मंडळाला बसवून पाहिलं. सगळे म्हणाले, झकास.

नमुन्याचे वीस ठोकळे तयार झाले आणि मी त्यावर पहिल्यांदा बूट घालून, ऑफिसात बसतात तशी पाय खाली सोडून बसले. माझे गुडघे छातीशी आले. मी टेप लावला. उंची चौदा इंच. सतरा-अठरा हवी होती.

चूक कशी झाली ते कळायला मला एक मिनिट लागलं. मिस्त्रींनी ज्यांना ज्यांना बसवलं होतं, त्यांतला एकही जण पाय सोडून बसला नव्हता. सुतार, खानावळवाल्या, भजनी मंडळ, सगळे चपला काढून वर चढले होते आणि मांडी घालून बसले होते. मांडीला चौदा इंच उत्तम. बावीस इंच रुंदी तर मांडीसाठीच केलेली. आख्खी काळाचौकी त्यावर सुखाने बसली असती, पण ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं बूट घालणारी होती.

मी मिस्त्रींना दाखवलं. ते माझ्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं बसणं बघत आलेला माणूस.

"चुकला गो बाय माझा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी चाचणी होती. नवे ठोकळे करायला वेळ नव्हता. खाली पाय ठोकावेत तर एकावर एक बसले नसते. मालकाने कपाळाला हात लावला. त्या दिवशी मिस्त्रींनी डबा उघडला नाही, सहांपैकी कुणाशी डोळाही मिळवला नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

चाचणी तीन दिवसांची होती. शेडच्या एका टोकाला परदेशी सोफे, दुसऱ्या टोकाला आमचे वीस ठोकळे, आणि पोरांना सांगितलेलं की हवं तिथे बसा. कंपनीच्या मॅडम सगळं बघणार होत्या, त्या गिरगावात वाढलेल्या, तोंडाने फटकळ. आम्हाला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी होती. जुनी शेड, वरच्या लोखंडी तुळया बघून मिस्त्रींना भरून येईल असं मला वाटत होतं. त्यांनी वर बघितलंही नाही. दारात सवयीने चपला काढल्या आणि अनवाणी लादीवरून चालत गेले.

पहिल्या दिवशी आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. एक मुलगा बसला, गुडघे हातात धरून इकडेतिकडे बघितलं आणि उठून सोफ्यावर गेला. तिकडच्या बाजूला हशा झाला. मिस्त्री मात्र लादीकडे बघत होते, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे, मग परत लादीकडे. दुपारी ते न सांगता निघून गेले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते टॅक्सीने, वर दोन मोठे गुंडाळे बांधून. चाळीच्या गणपती मंडळाच्या सतरंज्या. लाल-निळ्या पट्ट्यांच्या, गणपतीत सगळी चाळ ज्यांच्यावर बसते त्या. मॅडमना त्यांनी सांगितलं की ठोकळे लादीवर ओढताना आवाज होतो म्हणून खाली अंथरतो. ते खरंही होतं. सतरंज्या अंथरून त्यांनी वर ठोकळे मांडले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी हळूच विचारलं, याने काय होणार?

"सतरंजीर चपला घालून कोण चढता?" ते म्हणाले.

पहिली एक मुलगी आली. सतरंजीच्या कडेशी आली आणि थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, पाटी नव्हती, काही नव्हतं. तिने सँडल काढले, कडेला ठेवले, ठोकळ्यावर बसली, आणि पाय मोकळे झाल्याबरोबर वर घेऊन मांडी घातली. लॅपटॉप मांडीवर. मग तिच्या मैत्रिणी. मग मुलगे. दोघं बुटांसकट चढले, तर आधी बसलेल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागच्या मागे उतरून लेस सोडायला लागले. दुपारपर्यंत सतरंजीच्या कडेला बुटांची रांग लागली होती आणि एकही ठोकळा रिकामा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तर पोरांनी आम्ही दाखवायचं असं काही शिल्लक ठेवलं नाही. दोन ठोकळ्यांचं टेबल त्यांनी स्वतःच शोधून काढलं. वीस जण असताना मोठा गोल झाला, जेवणानंतर पाचच उरले तर त्या पाचांनी सरकून घेतलं आणि छोटा गोल झाला. पलीकडे आठ जणांच्या सोफ्यावर तिघे बसले होते, ते गाडी चुकल्यासारखे दिसत होते. एका मुलाला काहीतरी पटवून द्यायचं होतं. त्याने आपला ठोकळा हातभर पुढे ओढला. मी मिस्त्रींचा दंड घट्ट पकडला. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

संध्याकाळी मॅडम आमच्याकडे आल्या. मालक टेकायला काही नसल्यामुळे नुसताच चुळबुळत होता. मॅडम आल्या त्या थेट मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, खरं सांगा. ही उंची चुकून झालीय की मुद्दाम?"

मालकाने घाईघाईने शरीरशास्त्र वगैरे काहीतरी सुरू केलं होतं. मी मनातल्या मनात मिस्त्रींना विनवत होते की मुद्दाम म्हणा, एकदाच खोटं बोला, सहा माणसांचा प्रश्न आहे.

"चुकून झाली, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "आता मुद्दाम करतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून आपल्या उंच टाचांच्या चपला काढल्या, सतरंजीवर गेल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा बसल्या आणि साडी सावरून मांडी घातली. तिथूनच म्हणाल्या, दीडशे हवेत. पाच आठवड्यांत. आणि उंची एक इंचाने जरी वाढवली तर सगळे परत पाठवीन. सतरंज्या कुठे मिळतात तेही लिहून द्या.

परदेशी सोफे दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढले. ते बघायला मी मुद्दाम गेले होते, हे आज कबूल करते.

पण त्याआधी, काम मिळालं त्याच संध्याकाळी, आम्ही कारखान्यात गेलो. सहाही जण हत्यारं आवरून दारापाशी थांबले होते. मालकाने सांगितलं की मिळालं. एकाने कपाटावरच्या गणपतीला हात जोडले, दुसरा नुसताच हातरुमाल शोधत राहिला. मग मालकाला एकदम धसका बसला. दीडशे ठोकळे, पाच आठवडे, सहा माणसं. होणार कसं?

"दोन पाळ्या लावू," मिस्त्री म्हणाले. माणसं आणखी सहा लागतील, ती त्यांच्याकडे होती. कुठल्या चाळीत कोण बसून आहे, कुणाचा हात अजून चालतो, हे त्यांना पाठ होतं. उभ्या उभ्या त्यांनी सहा नावं सांगितली. सगळी गिरण्यांच्या सुतारखात्यांतली.

दोन पाळ्या हा शब्द त्या माणसांनी वीस वर्षांत कामाच्या जागी ऐकला नव्हता. मग त्या सहांतला सगळ्यात म्हातारा सुतार पुढे झाला. संपाच्या आधी पाळीचा भोंगा वाजल्यावर मग तो घरातून निघायचा, असं इतर जण चेष्टेने सांगत. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मिस्त्री," त्याने विचारलं, "माझी पाळी कुठली?"

"पहिली," मिस्त्री म्हणाले. "सातला हजर हो."